पाच मिनिटांचं सर्टिफिकेट

सोमवार, ३. सकाळी १०.१५
ऑफिसला इंटरनेट पुरवणाऱ्या मुख्य राउटरच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली. कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं की लाल अक्षरांत धोक्याचा इशारा. साहेब हादरले. शुक्रवारपर्यंत हे लाल घालवा म्हणाले. त्याच दिवशी विभागाचा हेड कोण ते ठरणार, मी की नव्या मॅडम. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. हे सर्टिफिकेट बाहेरून आणावं लागत नाही. मशीनच बनवतं, मशीनच त्यावर सही करतं. आपणच आपल्याला शाबासकी द्यायची! असली कामं म्हणजे माझ्या हातचा मळ.

मंगळवार, ४
पाच मिनिटांच्या कामाला लगेच हात लावून उगाच त्याचा भाव वाढवला नाही. ड्रॉवर आवरला. हेड झाल्यावर काय काय बदलायचं त्याची यादी केली. अठरा मुद्दे निघाले.

बुधवार, ५. सायं. ७
सुरुवात केली. सर्टिफिकेट बनवायला मशीनला द्यायची कमांड ऐनवेळी आठवेना. मॅडम शेजारच्याच टेबलावर, मदत करू का म्हणाल्या. नको म्हटलं, जेवढं त्यांचं वय, तेवढी माझी नोकरी. अडून बसलेल्या मशीनला एकच औषध, बंद करून चालू करणे. तीनदा केलं. पाऊण तास सगळ्यांचं इंटरनेट गेलं. लोक कधी नव्हे ते एकमेकांशी बोलले. अकाउंट्सवाले मात्र माझ्याशीच बोलले. ते इथे लिहीत नाही. घरी बायकोला सगळं ऐटीत सांगितलं.

गुरुवार, ६. सायं. ५.५०
फत्ते! कमांड सापडली, सर्टिफिकेट तयार. मुदत एक वर्ष. पान उघडून पाहिलं नाही. केलेलं काम पुन्हा तपासायचं म्हणजे स्वतःवरच संशय. उद्यासाठी निळा शर्ट इस्त्रीला दिला.

शुक्रवार, ७. सकाळी ११.३०
साहेबांनी सगळ्यांसमोर पान उघडलं. लालभडक. काल जन्मलेलं सर्टिफिकेट म्हणे वीस वर्षांपूर्वीच संपलंय! मॅडम म्हणाल्या, बंद-चालू केल्यामुळे राउटरचं घड्याळ कारखान्यात लावलेल्या जुन्या तारखेवर गेलं आणि सर्टिफिकेटनं वर्ष तिथून मोजलं. त्यांनी घड्याळ लावलं, नवं सर्टिफिकेट केलं, साहेबांच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख करून दिली. लाल गेलं. सहा मिनिटं लागली. म्हणजे माझा अंदाज फार चुकला नव्हता.

सायं. ७
मॅडम हेड झाल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. बायकोला कसं सांगायचं त्याची तीन वाक्यं वाटेत पाठ केली. गरजच पडली नाही. तिनं दारातच माझा चेहरा पाहिला, पाणी दिलं आणि मॅडमना अभिनंदनाचा मेसेज पाठवला, दोघांच्या नावानं. चांगला लांबलचक. एवढा मोठा मेसेज इतक्यात कसा लिहिलास, विचारलं. बुधवारीच लिहून ठेवला होता म्हणे.