टॉलमन्सची मिस मर्ल

मंगळवार, ३ मार्च

टॉलमन्सच्या नावानं आता जेवणावळ! वाचनालयवाल्यांनी घाट घातलाय — 'टॉलमन्सच्या आठवणी'. तिथं काम केलेल्या जुन्या वेट्रेसना खास बोलावणं. आमच्या लीएनला फोन आला आणि पोरीनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. "आई, अगं किती छान! अख्ख्या सिडनीला त्यांचा कॅरॅमल सॉस अजून आठवतो."

आठवेल नाहीतर काय. सिडनीनं तो नुसता खाल्ला. आम्ही तो ढवळला, उचलून नेला, मनगटावर सांडून घेतला. सात हॉटेलं होती टॉलमन्सची आणि सातही सारखी. तोच हिरवा गालिचा, त्याच हातमोजेवाल्या बाया, एका स्कोन-पावावर दुपार काढणाऱ्या. शेवटचं हॉटेल बंद झालं त्या दिवशी मी शेरीची बाटली फोडली होती.

क्लॅरी पेपराआडून म्हणतो, "तसा सॉस पुन्हा नाही झाला कुठं." पुढ्यात पुडिंग आलं की नवऱ्याचं हेच तुणतुणं! आज तर पुडिंगही नव्हतं.

गुरुवार, ५ मार्च

जाणार नाही.

शनिवार, ७ मार्च

जाणार! नोएलीन येणार आहे. जिवंत आहे म्हणजे सटवी. तोंडावर सांगायचं राहून गेलेलं सगळं सांगून येणार.

रविवार, ८ मार्च

झोप नीट नाही. डोक्यात तेच.

टॉलमन्समध्ये लग्न झालेली बाई चालत नसे. लग्न केलंस की घरी जा. म्हणून आम्ही सगळ्या 'मिस' — मिस मर्ल, मिस नोएलीन. सकाळी रांगेत उभं करून आमच्यावर देखरेख करणारी मिस गॉरिंज ओरडायची, "हात!" आधी तळवे, मग नखं, मग बोटं. अर्ध्या पोरींची लग्नं झालेली. अंगठी सेफ्टी पिनेनं झग्याच्या आत टोचून ठेवायची, छातीशी. गॉरिंजला ठाऊक नव्हतं थोडंच! बाहेर बोभाटा होत नाही तोवर ती आंधळी.

क्लॅरीनं मला न्यायला यायचं तर पार कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानापाशी. दारात नाही. मिसला नवरा कुठला?

नव्या हॉटेलात हेड वेट्रेस म्हणून माझं नाव ठरलं होतं. गॉरिंजनं स्वतः सांगितलं होतं, "पोरी तुझं ऐकतात, मर्ल." आणि त्याच आठवड्यात माझी पिन उघडली. अंगठी टणटणत थेट सॉसच्या शेगडीखाली! नोएलीननं वाकून काढली, ॲप्रनला पुसली, माझ्या हातात दिली. वर डोळा मारला. "सांभाळ गं बाई, मिस मर्ल."

चार दिवसांत मला आत बोलावलं. "तुमचं लग्न झाल्याचं आम्हाला कळलंय." ॲप्रन काढून घेतला. ती जागा कुणाला मिळाली? नोएलीनला! तीसच्या वर पोरी तिच्या हाताखाली. मी मात्र तेव्हापासून या स्वयंपाकघरात, एका माणसाची हेड वेट्रेस.

त्यानंतर टॉलमन्सचा उंबरा मी ओलांडला नाही. क्लॅरीलाही ओलांडू दिला नाही. नोएलीनला मी शिव्या घालते तेव्हा तो आजही मान डोलावतो. तेवढं एक बरं आहे त्याचं.

गुरुवार, १२ मार्च

निळा ड्रेस इस्त्री केला. क्लॅरी मागं मागं. "कशाला जुनं उकरून काढतेस? ऊन किती आहे. तुझा गुडघा —" माझा गुडघा याला आजच आठवला!

शनिवार, १४ मार्च

जाऊन आले. लिहून काढते.

नोएलीन चाकांच्या वॉकरवर वाकलेली. मला बघून तोंडभर हसली. मी म्हटलं, "हसतेस काय? माझी जागा खाल्लीस चहाडी करून!"

"चहाडी? मी?" ती बघतच राहिली. "अगं, तुझा नवराच नव्हता का आला? टोपी हातात धरून. साहेबाच्या खोलीत बसला होता. मीच तर आत पुडिंग नेऊन दिलं त्याला, वर दोन पळ्या सॉस. काय मिटक्या मारत होता!"

"खोटं बोलतेस."

"मर्ल, मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. मूलबाळ हवं असेल. कोपऱ्यावर दिसलीस तेव्हा हाक मारली तर तोंड फिरवलंस. मी म्हटलं, लाजली असेल बिचारी."

लीएन मधे पडली, "आई, चल, फोटो काढतायत." काढला. मी त्यात कशी दिसत असेन देव जाणे. प्रत्येकीपुढं पुडिंग आलं. मी चमचा लावला नाही.

गाडीत बसल्यावर डोक्यात पडला प्रकाश. नोकरीत असताना त्याला दारात येऊ दिलं नाही, नंतर मी जाऊ दिलं नाही. मग तो सॉस यानं खाल्ला कधी? इतकी वर्षं जिभल्या चाटत होता माझ्यासमोर, आणि मी कधी विचारलं नाही! साप साप म्हणून भुई धोपटत बसले. साप माझ्या हातचा चहा पीत होता.

रविवार, १५ मार्च

विचारलं. "क्लॅरी, टॉलमन्सचा सॉस कधी खाल्लास?"

तो संत्रं सोलत होता. सोलतच राहिला. मग म्हणाला, "तुझे पाय सुजायचे."

"माझे पाय!"

"आई म्हणायची, लग्नाची बायको आणि मिस म्हणवून घेते. शेजारी हसतात. आणि हेड झाली असतीस तर... तू सोडली असतीस का कधी?"

"नसती सोडली."

"तेच तर."

"आणि नोएलीनला मी शिव्या घालायचे तेव्हा?"

"तुझा राग निघून जायचा ना तेवढ्यानं." संत्र्याची एक फोड त्यानं माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. रडले नाही. त्याच्यासाठी तर नाहीच.

दुपारी नोएलीनला फोन केला. माफ कर म्हटलं, क्लॅरीनं दिलेलं पायांचं कारणही सांगितलं. म्हणाली, "अगं, तिथं माझेही पाय सुजायचे."

सोमवार, १६ मार्च

अंगठी साबण लावून काढली. सेफ्टी पिनेत अडकवून पडद्याला टोचली.

क्लॅरी टेबलाशी येऊन बसला. "मर्ल, चहा?"

मी दोन्ही हात पुढं केले. आधी तळवे, मग नखं, मग बोटं. म्हटलं, "साहेब, लग्नाच्या बायकांना इथं कामावर ठेवत नाहीत."