तळाला नाव असलेली भांडी

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

प्रभूच्या कृपेनं पोर्ट नॅंकारोला सुखरूप पोचलो. माझ्या नवऱ्याला, क्लेमला, रेल्वेनं इथल्या रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीवर घातलंय. सोमवारी पहाटे जाणार, शुक्रवारी संध्याकाळी येणार. घर दगडी आहे. पावसाच्या पाण्याची टाकी अर्धी भरलेली, काठी घालून पाहिली. चूल छान पेटते. परसात अंजिराचं झाड लगडलंय. पाखरांनी ठेवली तर पंधरा बरण्या जॅम सहज होईल. शेजारी मिस्टर हॉस्किंग. साठीचे, एकटे, चर्चचे कारभारी. त्यांनी कुंपणावरून गुलाब दिले. क्लेम म्हणाला, नशीब काढलंस एल्वा, असा शेजारी दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रवचन चांगलं झालं. मिस्टर हॉस्किंग दारात स्तोत्रांची पुस्तकं वाटतात आणि प्रत्येक बाईला एकच विनोद ऐकवतात: पापं जड असतील तर पुस्तक दोन्ही हातांनी धरा हो. मग हसू आलं की नाही ते डोळे बारीक करून बघत राहतात. मी हसले नाही. शिळ्या विनोदाला कशाला हसायचं?

शेजारच्या बाकावर मर्ल ओपी होती. विधवा, पाच फूट उंची, जाड चष्मा, जिभेवर मिरची. तिनं मला पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी दिली. म्हणाली, बाई गं, भांड्याच्या तळाला नाव लिहून चिकटव, या गावात भांड्यांना पाय फुटतात. इथे कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, कुणी बाळंत झालं, की घरोघरून रांधलेलं भांडं भरून जातं. परतताना ते रिकामं येत नाही. निदान चार टोमॅटो तरी येतात. ही रीत मला फार आवडली.

मी मॅट्रिक झालेली आणि अक्षर वळणदार, म्हणून महिला मंडळाची भांड्यांची वही माझ्या गळ्यात पडली. कुणाचं भांडं कुणाकडे गेलं, कधी परतलं. सगळ्या नोंदींवर काट आहे, तीन सोडून: आयना ट्रेलोर, १९५१, बेरिल सॅंडो, १९५४, डल्सी प्रायर, १९५६. तिन्ही भांडी हॉस्किंगकडे. मर्लला विचारलं. ती म्हणाली, तिघीही गाव सोडून गेल्या. एक म्हणे मेंढ्या कातरणाऱ्याबरोबर पळाली, एक बहिणीकडे, एक ॲडलेडला नोकरीला. भांडी कोण मागणार? या गावात पळालेला नवरा परत मिळतो, भांडं नाही. मी खूप हसले. मर्ल म्हणाली, ती एकुलती एक, रक्ताचं कुणी नाही, तेव्हा आता मीच तिची बहीण.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मिस्टर हॉस्किंगची कंबर धरली. निळ्या काठाच्या भांड्यातून मटणाचा पाय नेऊन दिला. तासभर बसवून घेतलं. आईनं कसं कधी कौतुक केलं नाही, पोस्टात कशी बढती दुसऱ्याला मिळाली, गावाला त्यांची किंमत कशी नाही. साठीचा माणूस, आणि रडगाणं पाच वर्षांच्या पोराचं.

मग पेपरातल्या त्या माणसाचा विषय काढला, पलीकडच्या राज्यात पाच बायका मारणारा. म्हणाले, मिसेस रॉडा, अशा माणसाचं डोकं काय असेल, कल्पना करा! वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. मी म्हटलं, गव्हाच्या कोठारातला उंदीरही वर्षानुवर्षं सापडत नाही, त्याला कुणी बुद्धिमान म्हणत नाही. विश्वासानं दार उघडणाऱ्या बाईला मारायला डोकं कशाला लागतं? लोक म्हणतात, अशांच्या मनात खोल अंधार असतो. मला नाही वाटत. रिकामं कपाट असतं, म्हणून दुसऱ्याचं आणून भरतात.

त्यांनी पाय अर्धा टाकला. टाकलेल्या अन्नाचा मला राग येतो.

बुधवार, ५ मार्च

दोन आठवडे झाले, माझं भांडं परत नाही. आज मागायला गेले. मिस्टर हॉस्किंग गुलाब छाटत होते. म्हणाले, आत जा ना, खालचं कपाट, घर तुमचंच आहे. कपाट उघडलं तर घासून पुसून एकावर एक चार भांडी. वरचं माझं. खालची तीन उलटून पाहिली: आयना. बेरिल. डल्सी. प्रत्येकाखाली इस्त्री केलेला रुमाल.

मला संतापच आला. एवढी निगा राखता येते, पण चार पावलं चालून परत देता येत नाही! वहीतल्या तीन नोंदी एकदम काटता येतील म्हणून मी चारही छातीशी धरून बाहेर पडले. दारात ते उभे होते. हात पुढे आला आणि तिथेच राहिला. तोंड असं झालं, जसं पोराच्या गोट्या कुणी उचलून नेल्या. मी म्हटलं, ही मंडळात जमा करते.

गुरुवार, ६ मार्च

मर्ल आली. डल्सीचं भांडं तिनं उचलून उलटं केलं. म्हणाली, हे तिच्या आईनं मरताना दिलेलं. डल्सी नवरा टाकून जाईल गं, हे टाकून नाही जाणार. मग तारखा लावून बघितल्या. आयनानं गुरुवारी भांडं नेलं, शुक्रवारपासून ती गावात नाही. बेरिल, तोच आठवडा. डल्सी, तोच दिवस.

प्रभू, मी काय उचलून आणलं?

शनिवार, ८ मार्च

क्लेमबरोबर चौकीवर गेले. हवालदार दर शनिवारी हॉस्किंगबरोबर हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ खेळतो. म्हणाला, बाई, भांडी चोरीला गेली नाहीत, सापडलीत. तक्रार कसली लिहू? क्लेमही हसला. घरी येऊन म्हणाला, उद्या चमच्यांवरून कुणाला फाशी देशील?

मंगळवार, ११ मार्च

हॉस्किंग रोज कुंपणाशी येतो. भांडी परत मागतो. कारण सांगत नाही, नुसतं गोड बोलतो. सवय झाली होती, म्हणतो. काल डोळ्यांत पाणी आणलं. तीन बायांसाठी नाही. भांड्यांसाठी. मला किळस येते त्याची, भीती नंतर येते.

मर्लला म्हटलं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. ती म्हणाली, तो? तो तर शिळ्या विनोदाला हसणारी शोधत फिरतो! मटणाचा पाय घेऊन जाते आणि तोंडावर विचारते, डल्सी कुठे आहे. तूच सांगितलंस ना मला, असले उंदीर असतात म्हणून? मी हात धरला. तिनं सोडवून घेतला. भर दुपार आहे, म्हणाली.

बुधवार, १२ मार्च

मर्लचं दार बंद. कोंबड्यांना दाणे नाहीत. मी घातले.

हॉस्किंगनं दुकानात सांगितलं, मर्ल पहाटेच्या बसनं बहिणीकडे गेली, मीच पेटी उचलून दिली. सगळ्यांनी मान डोलावली. किती भला माणूस.

बहीण! मर्लला बहीण नाही. मी सोडून —

पुन्हा चौकीवर. हवालदार दोन दिवस बाहेरगावी. त्याची बायको म्हणाली, परवा या.

मी त्याला उंदीर म्हटलं. चूक नव्हतं. पण उंदराच्या बिळात मर्लला माझ्या शब्दांनी पाठवलं.

गुरुवार, १३ मार्च. सकाळ

मागच्या पायरीवर भांडं. वर इस्त्री केलेला रुमाल. तळाला नाव, मर्ल.

रिकामं नाही. रीत पाळलीय त्यानं.

आत तिचा चष्मा. आणि चिकटपट्टीचा कापलेला तुकडा, त्यावर नीट, पोस्टातल्या अक्षरात — एल्वा रॉडा.

११ वाजता

तो त्याच्या व्हरांड्यात बसलाय. माझं पुढचं दार, मागचं दार, दोन्ही तिथून दिसतात. टोपी मांडीवर. खिडकीकडे बघतोय, डोळे बारीक करून. दारात पुस्तकं वाटताना बघायचा तसंच. मी घाबरलेली दिसायला हवीय त्याला. एवढंच हवं असतं या माणसाला. एवढ्यासाठी चार बाया —

क्लेम उद्या येईल. तिघींची तीन, मर्लचं एक, अशी चारही भांडी आणि ही रोजनिशी पिठाच्या मोठ्या डब्यात ठेवते. क्लेम, तळाची नावं वाच. या वेळी हसू नकोस.

अंजिरांचा जॅम रटरटतोय. मोठं पातेलं, काठापर्यंत. हा पाक कातडीला लागला की सुटत नाही.

स्तोत्र म्हटलं. पातेलं दोन्ही हातांनी धरता येईल.

कडी वाजली. हाक मारतोय, मिसेस रॉडा, माझी भांडी —

ये. हे घे, रिकामं पाठवत ना —