बाबाच्या गाण्यामधली शांतता

प्रेमदादा,

तुले चार फोन केले. लाकूड कापायच्या आरा मशीनच्या आवाजात ऐकू आले नसतील, म्हणून चिठ्ठी फ्रिजवर लावून जाते. आईले सोबत घेऊन मी बाबाले रामदासपेठेत हार्टच्या दवाखान्यात नेऊन राहिली.

लकडगंजले कामावरच्या गोंगाटात तुले बाबाची भीमगीतं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून आज मी रविवारी घरी केलेल्या रेकॉर्डिंगले कॉम्प्रेशन लावलं. त्यानं मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. दुसऱ्या गाण्यानंतर बाबा थांबले होते, तिथं आधी नुसती शांतता होती. आता तिथं आई स्पष्ट ऐकू आली, "पुन्हा छातीत दुखून राहिलं काय? प्रेमले सांगू?" बाबा म्हणाले, "नको वं. प्रीतीचं लग्न होऊन जाऊ दे."

पाच वेळा तेच ऐकलं. विचारलं तर आई रडायलेच लागली. दोन महिन्यांपासून दुखते म्हणे. बाबा अजूनही "मले काही झालं नाही" म्हणून राहिले.

आईवर ओरडू नको. बाबाचं आधार कार्ड कपाटात वरच्या खणात आहे, ते घेऊन सरळ ये.

लग्न पुढं ढकलू, असं अश्विनले मी सांगून टाकलं. तो म्हणाला, "आधी बाबा," अन् तिकडेच निघाला.

प्रीती