मेंढ्यांचा पिक्चर आणि राहिलेलं कडवं

निलंगा
ता. १२ नोव्हेंबर २०२५

गुणाबाई विहीणबाईंना पार्वतीचा रामराम.

कागद बघून फाडू नका. फोन केला की तुमी कट करता, म्हणून लिहायले. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं हायत, वेडीवाकडी, सांभाळून घ्या. इकडं समदे खुशाल. तुरी फुलावर हायत. तुमची लेक, म्हणजे माझी सून, बरी हाय. माझा गुडघा तेवढा कुरकुर करतो. तनुजाच्या लग्नाची पत्रिका भेटलीच असंल.

तर सांगायचं काय, परवा तुमच्या नातीनं, तनुजानं, मोबाईल टीव्हीला जोडून आमाला एक पिक्चर दाखवला. ऑस्ट्रेलियाचा! मी म्हनलं, "मला काय कळतंय त्या गोऱ्यांचं?" तर म्हणती, "आज्जे, तू बघ तर. मी सांगते ना मधी मधी."

विहीणबाई, लई हसले. माझी कवळी निघून मांडीवर पडली, खोटं न्हाई सांगत. लाल माती, लांबच लांब माळ, अन् मेंढ्याच मेंढ्या. तिथली माणसं बोलतच न्हाईत, गातेत. पोस्टमन कागद वाटताना गातो. दाताच्या डॉक्टरपुढं तोंड वासून बसलेला माणूस, तोंड वासूनच गातो. पोलीस तर मेंढरू काखेत धरून नाचतो. देवणीच्या बाजारात असं कुणी नाचलं तर बैल दावं तोडून पळतील.

त्यात एक बाई हाय, आपल्यासारखीच थोराड, पाव भाजणारी. तिचा नवरा एका जादूवाल्याच्या मोटारीत बसून निघून गेलेला. मेंढ्या कातरायच्या शेडमधी गाव जमतं अन् तिच्या तोंडावर गातं, तुझा नवरा कुठं गं, पिठाच्या पोत्यात शोध गं. तनुजा अर्थ सांगू सांगू हसायली. मीबी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात तुमची लेक उठून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज आला. भांडी तर सकाळीच घासलेली होती.

तनुजानं विचारलं, "आज्जे, आईला काय झालं?"

"काय न्हाई. तिला गाणी आवडत न्हाईत."

कशी आवडतील? चोवीस वरसं झाली. तुमच्या लेकीचं लग्न आमच्या दारात, हळदीला विहिणीची गाणी चाललेली. तसली गाणी समद्याच विहिणींना म्हणतेत. विहीण खादाड, विहीण घोरती. मग तिकडच्या बाया उलटं म्हणतेत, हसणं होतं, संपतं. मी उठून म्हनलं,

व्याही आमचा हरवला गं, मांडवामधी दिसंना
विहीणबाईच्या जाचानं गं, घरामधी बसंना

तुमच्याकडून उत्तर आलंच न्हाई. तुमी पदर सारखा केला अन् टेम्पोत जाऊन बसल्या. तवापासून या घरात तुमचं पाऊल न्हाई. लेकीला, नातीला तिकडं बोलावलं, पण इकडं न्हाई.

व्याही तापानं पडलेत, असं तुमी सांगितलेलं. मी समद्यांना म्हणत आले, ते घर सोडून गेलेत हे मला काय ठाव? रिवाजाचं गाणं म्हनलं. तुमच्या लेकीलाबी हेच सांगितलं.

पिक्चर चालूच होता. ती पाववाली नवऱ्याचेच बूट घालून पाण्याच्या टाकीवर चढली अन् फाटक्या आवाजात गावातल्या एकेकाचं बिंग बाहेर काढायला लागली. खाली मेंढ्या बें बें करून साथ देतेत. तनुजा हसून लोळायली. मला हसू येईना.

विहीणबाई, मला ठाव होतं. माझा दीर केरबा बस्त्याला नांदेडला आला होता, तिथं ऐकून आला. हळदीच्या आदल्या दिवशी त्यानं मला सांगितलं. मला वाटलं, समद्या बाया हसतील, माझं गाणं वर राहील. एवढंच. यापेक्षा मोठं कारण लई शोधलं, सापडलं न्हाई.

सकाळी तुमच्या लेकीला गॅसपाशी हे सांगितलं. तिनं चहा गाळला, माझ्या कपात दोनदा साखर घातली. मग म्हणाली, "मला नका सांगू. माझ्या आईला सांगा."

सांगितलं.

तनुजाची हळद सव्वीसला हाय. पोरगी म्हणती, हिमायतनगरच्या आज्जीनं हळद लावल्याबिगर मी पाटावर बसत न्हाई. हट्टी हाय, तुमच्यावर गेली. पण मी नुस्तं हळद लावायला बोलवत न्हाई. या, अन् त्या पाववालीसारखं समद्या बायांमधी माझ्यावर म्हणा. आमच्याकडं उंच टाकी न्हाई, ट्रॅक्टरची ट्रॉली हाय, तिच्यावर चढवते. माल मी देते. कवळी हाय, घोरणं हाय, लातूरला निघाले अन् बिदरच्या गाडीत बसले ते हाय. अन् मोठं तर वर लिहिलंच हाय. हसणाऱ्या बाया गोळा करायचं माझ्याकडं. मी उठून जाणार न्हाई.

पंचवीसला नांदेडच्या स्टँडवर मी स्वतः येऊन उभी राहते. हिमायतनगरच्या पहिल्या गाडीला तुमी न्हाई दिसल्या तर दुसरी बघीन, तिसरी बघीन. दशम्या बांधून आणते, दोघींच्या.

पहिली ओळ मीच केली हाय. त्याच चालीवर बसती,

निलंग्याची पार्वती गं, जाणूनबुजून बोलली
.................................................

दुसरी तुमची. जागा सोडली हाय.

तुमच्या तोंडून ऐकायला बसलेली,
तुमची विहीण
पार्वती