उसनी कूस

मी, चिमाजी केरू भालेराव, वय अडुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार जुने नाशिक, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहवून घेतो. डोळे अधू झाले आहेत. कान मात्र गरजेपेक्षा चांगले आहेत, त्याबद्दल पुढे येईल. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पुतण्या गोरक्ष दडपण आणायला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवले.

माझे स्वकष्टाचे दोन खोल्यांचे घर आणि लागून असलेले दुकान मी माझी मुलगी चांगुणा हिला देतो. गोरक्षचे म्हणणे असे की ती आपल्या रक्ताची नाही, दत्तकाचा कागद नाही, म्हणून माझ्यामागे तिने घर सोडावे. कागद नाही हे खरे आहे. सुरगाण्याकडून वीटभट्टीवर आलेली तिची आई वारली, तेव्हा माझी पत्नी भागीबाई हिने तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेतले, ते खाली ठेवलेच नाही. भागीची कूस उजवली नाही, हे माझी भावजय बयाबाई चारचौघांत ऐकवत असे. तिला मी माफ केलेले नाही, तसे इथे नमूद करतो.

कूस हा आमच्या धंद्यातलाही शब्द आहे. एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, ती कूस. कधी दोन्ही लाकडांना खाचच पाडतात आणि मधे तिसऱ्या तुकड्याची कूस घालतात. तिला वडील उसनी कूस म्हणत. नीट बसली तर ती घरच्या कुशीइतकीच टिकते. हे मी गोरक्षला सांगितले, तर म्हणतो, "काका, उसनं ते उसनंच, परत द्यायचं असतं." कोणाला परत देऊ, ते त्याने सांगितले नाही.

शिसवी पलंग चांगुणाचा. भागी आजारी पडली तेव्हा तो मी तिच्यासाठी करायला घेतला. शिसव कठीण, कूस घट्ट झाली तर ती दबत नाही, लाकूडच फाटते. चौथा पाय आणि बाजूची लांब पाटी जोडणारी उसनी कूस अर्ध्यावर अडकली. मी बाहेर गेलो तेवढ्यात गोरक्षने हातोडा घातला आणि पाटी उभी चिरली. मी नवी पाटी केली, कूस सरस न लावता सुकीच घालून पाहिली, तीही अर्ध्यावर अडली. चटईवरून भागी म्हणाली, "घाई नका करू. मी हितंच हाय." त्याच आठवड्यात ती त्या चटईवरच गेली.

कूस अजून तशीच आहे. दिवस कलला, लाकूड निवले, की त्या कोपऱ्यातून टक आवाज येतो. लाकूड निवताना वाजते, हे मला कळते. तरी मी "हो" म्हणतो. कूस पूर्ण बसली तर आवाज थांबेल, म्हणून मी तिला हात लावलेला नाही. आवाजाची भीती वाटत नाही. आला नाही त्या दिवशी फार वाटते.

माझ्यामागे चांगुणाने ती बसवावी. हातोडा नको. कूस हलवत बाहेर काढावी, काजळ फासून पुन्हा घालावी. काढल्यावर जिथले काजळ पुसले असेल तिथे ती अडते. तेवढेच कानशीने घासावे, खाच रुंदावू नये. कुशीच्या अंगावर एक बारीक चर पाडावा, नाहीतर सरस आत कोंडतो आणि तिला मागे ढकलतो. सरसाने कूस फुगते, म्हणून सुकी असताना ती नुसत्या हाताने आत गेली पाहिजे. ती बसली की भागी आणि मी दोघेही गप्प होऊ.

हत्यारे सगळी चांगुणाची. रंधा ती माझ्यापेक्षा सरळ चालवते. हातोडा गोरक्षला द्यावा. चिरलेली पाटीही जपून ठेवली आहे, तीही त्याचीच.

मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही: चिमाजी केरू भालेराव
साक्षीदार: १. झुंबर पुंजा जाधव, शेजारी. २. सावळीराम यादव गांगुर्डे, निवृत्त शिक्षक.
ठिकाण नाशिक, दिनांक १९ नोव्हेंबर १९८३

खाडाखोडीबाबत: दुसऱ्या परिच्छेदात 'मुलगी' या शब्दाआधी लेखनिकाने सवयीने 'मानलेली' लिहिले होते. तो शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. खोडताना पलंगाच्या कोपऱ्यातून टक झाले, ते दोन्ही साक्षीदारांनी ऐकले.