गाडी आता स्वच्छ असते, बाबा

बाबा, तुम्ही आज असता तर माझ्या गाडीत बसला असता की नाही, कोण जाणे. मागच्या पावसाळ्यापर्यंत तरी बसला नसता. सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, पायाखाली देवबागची वाळू, दाराच्या कप्प्यात अर्धी चोखून चिकटवलेली गोळी, आणि काचेला आतून धाकटीच्या ओल्या हातांचे ठसे. रविवारी बादली आणि फडकी घेऊन बसायचं, तीन तास घासायचं, आणि सोमवारी मुलांना शाळेत सोडेपर्यंत पुन्हा होतं तसं. यांची नोकरी बोटीवरची, सात-आठ महिने घरी नसतात. मी बँकेत, मोठा सात वर्षांचा, धाकटी तीन. घर नीटनेटकं ठेवायचा नाद मी केव्हाच सोडला. गाडीचं मात्र मला लागायचं. चार दारांच्या आतली एवढीशी जागा, तेवढी तरी माझ्या म्हणण्याप्रमाणे असावी असं वाटायचं, आणि तेवढीही होत नव्हती.

तुमची जीप आठवते. मालवण-कुडाळ, दिवसाला चार फेऱ्या, मागे-पुढे माणसं कोंबलेली, टपावर नारळांची पोती. तरी रोज पहाटे विहिरीवरून पाणी ओढून तुम्ही ती आतून पुसायचात. आई म्हणायची, एवढं अंगण तरी पुसता का कधी? तुम्ही म्हणायचात, "लोक पांढरे कपडे घालून बसतत गो. तेंका डाग लागाक नको."

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी तुमच्या शेवटच्या फेरीला यायचे. मी तेव्हा आठ वर्षांची. अशाच एका शनिवारी माणसं सगळी उतरून गेली होती, मागे मी एकटी, आणि माझ्याकडे वाटेत मिळालेली काजूची बोंडं. आईने आदल्याच आठवड्यात सीटला पांढरे अभ्रे शिवले होते. बोंडाचा रस कोपरापर्यंत ओघळला तसे मी हात अभ्र्याला पुसले. तो डाग जन्मात जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी पुसले. तुम्ही आरशातून बघितलंत आणि गाडी बाजूला घेतलीत. "उतर खाली." मला वाटलं, हात धुवायला पाणी देणार. "चलत ये. गाडी म्हंजे उकिरडो न्हय." आणि तुम्ही निघूनच गेलात. मी रडतसुद्धा नव्हते, एवढी घाबरले होते. वळणापर्यंत धावले तर पलीकडे जीप उभी, आणि तुम्ही अभ्रा काढून हातात घेऊन उभे. "बस," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुमच्या सीटच्या पाठीला एक खिळा ठोकलेला आणि त्याला छोटा पंचा टांगलेला. "ह्यो तुझो. ह्येका हात पूस." मी पुढे कितीतरी दिवस तो पंचा मैत्रिणींना दाखवत होते. उतरवल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता माझं सांगते. मागच्या पावसाळ्यात, हे बोटीवरून यायच्या आदल्या दिवशी, मुलांना आंबोलीला नेलं होतं. हे येणार म्हणून गाडी सकाळीच आतबाहेर धुऊन घेतली होती. मग जायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. कबूल केलं होतं म्हणून गेले. घाट उतरताना धाकटीला उलटी झाली. त्याचं काही नाही, ती काय करणार? गाडी थांबवली, तिला पुसलं, सीट पुसली. मोठा मात्र लाल चिखलाचे बूट माझ्या सीटच्या पाठीला लावून बसला होता. पाय खाली घे म्हणून चारदा सांगितलं. घाट संपून सपाटीला आलो, आणि त्याने कोकम सरबताची बाटली उघडली. मी म्हटलं, उघडू नको. म्हणाला, "सांडणार नाही." सगळी बाटली सीटवर गेली. आणि तो हसला. घाबरून हसला असेल, आता कळतं. तेव्हा मी ब्रेक मारला, मागचं दार उघडलं आणि माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला. "उतर खाली."

पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि थांबायचं, एवढंच डोक्यात होतं, खरंच. तुम्ही थांबला होतात तसं. पण वळणापलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, एक बाजू खणलेली, आणि मागे एसटी हॉर्न वाजवत लागलेली. थांबायला जागाच नाही. पुढे, आणखी पुढे, एका फाट्यावर गाडी वळवली, तर आता समोरून गाड्यांची रांग सोडलेली. धाकटी मागे "दादा, दादा" करत होती. सात-आठ मिनिटं झाली असतील. परत आले तर तो तिथे नव्हता.

रस्त्याकडेचा ओहोळ दुथडी भरून चालला होता. मी त्याच्या कडेने हाका मारत धावले. कुठल्या शर्टात होता तेही आठवेना. मग मागून एका बाईने हाक मारली. रस्त्यापलीकडे तिचं चहाचं खोपटं होतं. "गो बाय, झिल माज्याकडे आसा. इकडे ये."

तो खोपटाच्या मागे पाण्याच्या पिंपाजवळ उकिडवा बसला होता. नारळाच्या सोडणाने बूट घासत होता. एक धुऊन झाला होता, दुसरा हातात. मला बघून धावत आला नाही. म्हणाला, "आई, एक झालाय. दुसरा पण होईल. मग घेशील गाडीत?"

मी त्याला पोटाशी धरलं तर ओला बूट माझ्या ड्रेसला लागेल म्हणून त्याने हात लांब धरला होता. बाई बघत होती. मला चहा दिला, धाकटीला बिस्किट दिलं, आणि मग सावकाश म्हणाली, "गाडी खंय पळान जाता काय गो? झिल गेलो असतो, तर?" वाटेत त्याला दहा वेळा म्हटलं, चुकलं माझं. तो "हो" म्हणत राहिला.

तुम्हाला विचारायचं राहून गेलं. वळणाआडून मी दिसत होते का? की तुम्हीही गाडी पुढे नेऊन मग घाबरलात, आणि अभ्रा हातात धरून उभे राहिलात? तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आई असेपर्यंत तिलाही विचारलं नाही.

त्या दिवसापासून तो बूट काढल्याशिवाय गाडीत बसत नाही. दाराशी उभं राहून काढतो, पिशवीत घालतो, पिशवी मांडीवर घेतो. धाकटीचे पाय झाडतो. तिने काही खायला काढलं तर, "नको, आई उतरवेल," म्हणतो. हे घरी आले तेव्हा गाडीत बसून म्हणाले, "वा, मुलं सुधारली की." बँकेतल्या बायका विचारतात, लहान मुलं असून गाडी एवढी स्वच्छ कशी ठेवतेस? मी हसते.

हे मी त्याच्या शाळेबाहेर गाडीतच बसून लिहिते आहे. लिहून झालं की कागद फाडीन, पाठवायचा तरी कुठे? शाळा सुटली आहे. तो फाटकातून बाहेर आला, गाडी बघून तिथल्या पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला. काच खाली करून "राहू दे रे, तसाच ये" एवढं म्हणायचं आहे. रोज ठरवते. पण मग मागची सीट बघते, इतकी स्वच्छ असते, आणि रोज गप्प बसते.