आगोटीचं डांबर

३ मे

बोट आत गेलं! ड्रायव्हरच्या दाराखाली गाडीच्या रंगाला फुगा आला होता. पुसता पुसता दाबला, तर बोट सरळ पत्र्यातून आत. बाहेर आला तो ओला तांबडा भुगा. चहाच्या चोथ्यासारखा.

अण्णा पडवीतून बघत होते.

"काय गो?"

"काही नाही. धूळ."

धूळ! का म्हटलं मी असं? कारण विचारलं ते त्यांनी, आणि गाडी त्यांची.

४ मे

सकाळी खरं ते सांगितलं. अण्णा बघायला आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मग म्हणाले, "पासिंग कधी आहे?"

महिनाअखेरीला. गाडी वीस वर्षांची. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. अण्णा एकोणऐंशीचे आहेत. हे दोन आकडे मी आजवर शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

"गाडी आहे तोवर मी चालवणार," ते म्हणाले. "गाडी संपली की मी थांबलो. मग मला कुणी सांगायला नको."

हे ते नेहमीच म्हणतात. आज मात्र गाडीला भोक पडलेलं होतं.

५ मे, रविवार

शौनकचा पुण्याहून फोन. माझा धाकटा भाऊ — सल्ला देण्यात थोरला.

"ताई, देवाने दिलेली संधी आहे. दुरुस्त होत नाही म्हणून सांग आणि मोकळी हो."

"होत असेल तर?"

"तुला कुणी सांगितलंय बघायला!"

एप्रिलमध्ये अण्णांनी गाडी आत घेताना फाटकाच्या चिऱ्याच्या खांबाला घासली. उतरून खांबाकडे बघत म्हणाले होते, "हा पुढे सरकलाय." आम्ही दोघं हसलो होतो. शौनकला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो येईल, बापाशी मोठ्या आवाजात बोलेल, अण्णा जेवणार नाहीत. आणि मग तो परत जाईल.

मी सांगू शकते का? आज जेवताना सुरुवात केली. "अण्णा, एकदा डोळे—"

"मोतीबिंदू काढलाय ना? डॉक्टरने वाचायला दिलं, शेवटची ओळ वाचून दाखवली."

ओळी वाचता येतात, खरंच आहे. पण कडेने येणारं? मान वळवायला लागणारा वेळ? मी भात वाढला.

८ मे

कॉलेजला सुट्टी आहे, तेव्हा घरीच करायचं ठरवलं. कापणं, घासणं, रंगवणं माझं. जोड मारायला वेल्डिंगवाल्या गौरवला बोलावायचं. बॅटरीची वायर काढली. सीट काढली, खालचं मॅटिंग काढलं. आत कुबट वास — भिजलेल्या गोणपाटाचा. एक वाळलेला बांगड्याचा खवला सापडला. एक केसाची पिन. आईची असेल. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

गंज कसा चढतो ते मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. समीकरण दोन ओळींत संपतं. इथे ग्राइंडर लावला तर संपेचना. जिथे चांगला पत्रा लागेल असं वाटे, तिथे अजून भुगा.

११ मे

काही केलं नाही. पाठ दुखत होती.

पाठ खरंच दुखत होती का? दुपारी तासभर कपाट आवरलं, तेव्हा दुखली नाही. मी दिवस घालवते आहे का? काम अर्धं राहिलं, पासिंगची तारीख उलटली, की मला काही बोलावंच लागणार नाही — असं मनात आहे? आहे. लिहून टाकलेलं बरं.

१२ मे

गाडी ठोकळ्यांवर चढवली. खाली सतरंजी टाकून आडवी झाले आणि दाराखालचा पोकळ पत्रा खालून खरवडायला घेतला. अण्णा त्याला उंबरा म्हणतात. गंजाऐवजी डांबर निघालं. थरावर थर. पुरणपोळीची चळत कापल्यासारखे थर दिसत होते.

मग कळलं. या उंबऱ्याला खालून भोकं असतात. दारांनाही. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून आत उतरतं ते तिथून गळून जावं म्हणून. सगळी भोकं बुजलेली!

आगोट! दर मे महिन्यात अण्णा पावसाळ्याआधीची कामं काढतात. लाकडं आत. पन्हळीचे सांधे, पत्र्यांचे खिळे, गोठ्याच्या वाशांची टोकं — सगळ्यांना डांबर. पोफळीच्या वीजघरात उभी नोकरी झालेला माणूस, कुठेही थेंब गळलेला खपत नाही. आणि डब्यात उरलेलं डांबर गाडीला. खालून. दिसेल ते भोक बुजवत. वीस आगोटी.

बाहेरचं पाणी अडवलं आणि आतलं कोंडलं. गाडी समुद्राच्या वाऱ्याने गेली असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो.

सायकलची तार घेऊन एकेक भोक मोकळं केलं. एकातून अजून पाणी आलं. मे महिन्यात!

१३ मे

सांगावं की नाही?

नाही सांगितलं तर: या वर्षीचा डबा पडवीत येऊन ठेवलेला आहे. ते पुन्हा बुजवतील.

सांगितलं तर: ज्या एका गोष्टीची त्यांनी सगळ्यात जास्त काळजी घेतली, ती त्याच काळजीने सडली, असं त्यांना सांगणं होईल.

आणि मी हे त्यांच्या हितासाठी सांगणार की त्यांना जरा कमी खात्री वाटावी म्हणून? दुसरं असेल तर सांगू नये. वेगळं करता येत नाही.

१४ मे

सांगितलं. टॉर्च घेऊन त्यांना भोक दाखवलं, तार आरपार घालून दाखवली.

ते म्हणाले, "म्हणजे पाणी बाहेर जायला ठेवलेली वाट."

"हो."

"आणि मी ती..."

"कुणालाच माहीत नव्हतं, अण्णा."

"मला माहीत असायला हवं होतं. वीजघरात पाणी कुठून जातं तेच बघत होतो मी." टॉर्च विझवून माझ्या हातात दिली. "पुस्तकात लिहिलेलं असेल. गाडीबरोबर आलेलं. मी कधी उघडलं नाही."

रात्री आमटीत मीठ कमी आहे म्हणाले.

१८ मे, शनिवार

गौरव वेल्डिंगचं मशीन टेंपोत घालून आला. मी कापलेला भाग बघून हसला.

"मॅडम, एवढं कापलंत कशाला? पुट्टी भरायची, वरनं रंग मारायचा. आरटीओचा साहेब काय बोट घालून बघणार हाय?"

"मी घातलं होतं."

"तुमच्यासारखे साहेब असते तर माझा धंदाच बसला असता!"

अण्णा ओलं गोणपाट घेऊन उभे, ठिणग्या उडतील तिथे दाबायला. गौरवने त्यांनाही सोडलं नाही.

"आजोबा, अजून चालवताव?"

"अजून म्हणजे? गाडी तीच, मी तोच."

"पण रस्ता तो नाय ना. हायवेला गेलाव काय एवढ्यात? डोकं फिरतं तिथं माझंपण."

"मी हायवेला जातो कशाला? भाट्याच्या पुलावरून आपल्या बागेत. आणि परत."

"मग बरोबर हाय," गौरव म्हणाला आणि काच तोंडावर ओढली.

नवा पत्रा बसला. जोड सरळ नाही, पण पक्का आहे. हातोडीने वाजवून बघितला. आवाज चांगला आला.

२० मे

रेड ऑक्साइड. पहिला हात.

हे मी का करते आहे, हे आज पुन्हा विचारलं. गौरवचं ऐकून पुट्टी भरली असती तर गाडी कदाचित नापास झाली असती आणि तो निकाल माझा नसता. मी काम चोख करते आहे कारण कच्चं काम मला जमत नाही — निदान असं मला वाटतं. पण या चोखपणाचा फायदा मला, आणि धोका? भाट्याच्या पुलावर चालत येणाऱ्या कुणाला तरी. त्याला कुणी विचारलेलं नाही.

सरळ रस्ता एकच आहे: गाडी नीट करायची आणि अण्णांना नाही म्हणायचं. पहिलं येतं. दुसरं येत नाही.

२२ मे

दुसरा हात. त्यावर पांढरा रंग. जुन्या पांढऱ्याशी जुळत नाही. नवा भाग खोट्या दातासारखा दिसतो.

अण्णा म्हणाले, "दिसू दे की. काम केलेलं दिसायला हवं."

२८ मे, मंगळवार

पासिंग. आरटीओमध्ये गाडी मी नेली, अण्णा शेजारी. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन.

इन्स्पेक्टर तरुण होता. खाली वाकला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने उंबरा वाजवत गेला. जुन्या पत्र्याचा एक आवाज, नव्याचा दुसरा. थांबला.

"हे कुणी केलं?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "मुलीने. केमिस्ट्री शिकवते." जणू त्याने सगळा उलगडा होतो.

त्याने भोकांत टॉर्च मारली. "भोकं मोकळी ठेवलीत. लोक बुजवून टाकतात."

अण्णा समोरच्या भिंतीवरचा बोर्ड वाचत राहिले.

पास. पाच वर्षं.

घरी येताना मला आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू — खूप आनंद झाला होता. तो पुलापर्यंतही टिकला नाही. पुलाजवळ अण्णा म्हणाले, "उद्या मी घेतो."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. बरं!

२९ मे

अण्णांनी चालवली. मी शेजारी बसले. पूल नीट पार झाला, ते गुणगुणत होते. बागेकडे आत वळतो तिथे डावीकडून एक मुलगी स्कूटरवर येत होती. मला ती लांबून दिसत होती. अण्णांनाही दिसत असणार असं मी धरून चालले. ते वळले.

ब्रेक शेवटी लागला. स्कूटर घसरली, मुलीने पाय टेकून कशीबशी धरली. गाडीचा पुढचा दिवा तिच्या गुडघ्यापासून वीतभर.

"आजोबा, दिसत नाय काय? मेले असते मी!"

अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही कुठून आली?"

मी उतरले, मुलीची माफी मागितली. ती अजूनच चिडली, मग गेली. अण्णा बागेत गेले नाहीत. गाडी वळवून दुसऱ्या गिअरमध्ये घरी आणली. फाटकाबाहेर थांबवली, उतरले.

"तू आत घे."

मला ती दिसत होती. मी ओरडले का नाही? अण्णांचा अपमान होईल म्हणून? एका माणसाच्या जिवापुढे? हा प्रश्न मी इथे लिहून ठेवते आहे कारण उत्तर मला आवडणार नाही.

उद्या बोलायचंच.

३० मे

बोलले नाही. अण्णा दिवसभर आगोटीच्या मागे होते. लाकडं रचली, पन्हळीचे सांधे पाहिले. मी दोनदा जवळ गेले. एकदा त्यांना पाणी दिलं. एकदा नुसतीच परत आले.

वाक्य तयार आहे. आई असती तर तिने ते भाजी निवडता निवडता म्हटलं असतं.

१ जून

डांबराच्या वासाने जाग आली. अंगणात तीन दगडांवर डबा, आणि अण्णा गाडीशी पाट टाकून बसलेले, काठीला चिंधी बांधून. मी अनवाणी धावले. वाकून बघितलं — उंबऱ्याखालची, दारांखालची, मी तारेने मोकळी केलेली सगळी भोकं बुजवलेली. पहिल्यांदा मनात आलं, विसरले. आता हेही सुरू झालं.

"अण्णा! काय केलंत? पाणी आत राहतं! मी दाखवलं होतं ना तुम्हाला?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू दाखवलंस तेव्हाच कळलं."

काठी डब्यात ठेवली, माझ्या खांद्याला धरून उठले, आणि हात धुवायला विहिरीकडे गेले. मग मला ड्रायव्हरचं दार दिसलं. चावीचं भोकही भरलेलं होतं. नीट, कडेला आलेलं डांबर चिंधीने पुसून.